घरच्यासारखी

सालामिना, ९ सप्टेंबर २००३

चि. लिसेत हिस आईचे अ. आ.

तुझं पत्र मिळालं. वाचून आधी बरं वाटलं, मग दिवसभर काही सुचेना. तीन आठवड्यांच्या ओळखीत ती बाई तुला मुलगी म्हणते? बागेकडे खिडकी असलेली खोली देते, जेवायला शेजारी बसवते? माझ्या मनात पाल चुकचुकली. ओ-पेअर म्हणजे काय ते जाण्याआधी तू मला दहादा समजावलंस. त्यांची मुलं सांभाळायची, जर्मन शिकायची, बदल्यात जेवण, खोली आणि हातखर्च. नोकर नाही, पाहुणीही नाही. मग आहेस तरी कोण? कुठेतरी पाणी मुरतंय.

नवरा घरूनच काम करतो म्हणालीस. तुझ्या खोलीला कडी आहे का ते कळव. तुझ्याआधीची ती जॉर्जियाची मुलगी वर्ष पुरं न करता का गेली, तेही काढून घे, पण घरात विचारू नकोस. आणि फोनवर काही बोलत जाऊ नकोस. ती बाई तुझ्याकडून स्पॅनिश शिकतेय, हे मला पहिल्यापासून खटकतंय. पत्रच लिही.

बेकरी ठीक चालली आहे. भट्टी नुबिया पेटवायचीच, तू गेल्यापासून गल्ल्यावरही तीच बसते. पाद्रीबाबांनी तिच्या डोक्यात संध्याकाळच्या शाळेचं खूळ भरलंय. मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशीचं पीठ कोण मळणार? कामाला म्हणून लहानपणी आणली, चौदा वर्षं आपल्या घरात आहे, पण उलट शब्द नाही. तुझी आठवण काढते.

पत्राला उशीर करू नकोस. उशीर झाला की मी वाईटच धरून चालते.

तुझी आई,
ओलिवा

ओल्डनबुर्ग, ४ ऑक्टोबर

ती. आईस सा. न. वि. वि.

कडी आहे, पण लावायची वेळ आलेली नाही. हेनिंगवरचा संशय सोडून दे. तो माझ्याकडे मीठ मागायलासुद्धा बिचकतो. अडचण त्याच्या बायकोची, विब्केची आहे, आणि ती सांगायची कशी हेच कळत नाही, कारण ती बोलते फार गोड.

करारात आठवड्याला तीस तास लिहिलेत, एक दिवस सुट्टी आणि भाषेचा वर्ग. पण घरच्या माणसांत कुणी घड्याळ बघतं का, असं ती म्हणते. आधी तिने माझा शनिवार मागितला. मग तिच्या आईकडे खिडक्या पुसायला नेलं. आता सगळ्यांची इस्त्री माझ्याकडे आली आहे आणि वर्ग तर बुडतच असतो. नाही म्हटलं तर रागावत नाही. तिचे डोळे भरून येतात, आणि मग मीच सॉरी म्हणते.

ती जॉर्जियाची मुलगी मला बाजारात भेटली. धाकटा योन्ते तिला बघून धावत सुटला, म्हणून ओळखलं. तामता तिचं नाव. आता वृद्धाश्रमात काम करते. का सोडलंस असं विचारलं तर म्हणाली की वाईट असं काहीच घडलं नाही, फक्त मी कधी मोकळी नसायचे. आई, मी कृतघ्न तर नाही ना?

नुबियाला सांग, इथल्या पावाला चव आहे, पण मऊपणा नाही. तुम्हा दोघींची माया अशीच पोचत राहो.

तुझी,
लिसेत

सालामिना, २७ ऑक्टोबर

चि. लिसेत हिस अ. आ.

मी सांगत नव्हते? तोंडाने मुलगी म्हणायचं आणि मोलकरणीसारखं राबवायचं. आणि डोळ्यांत पाणी आणते म्हणजे तर पक्की आहे. तिला म्हणावं, मुलगी असेन तर घरात वाटा दे, नसेन तर सुट्टी दे. तुला पाठवणाऱ्या त्या संस्थेचं तिथे कुणी असेल ना? जा आणि सरळ सांग. भिडेपोटी बसून राहिलीस तर ती बाई तुझं वर्ष गिळेल.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं. नुबिया लाटत होती. मध्येच तिने विचारलं, आठवड्याला तीस म्हणजे दिवसाला किती होतात. मी म्हटलं तुला काय करायचंय. तेव्हापासून बाईसाहेब घुम्या झाल्यात. काल पावांचा एक आख्खा पत्रा करपवला. परवा म्हणाली, रविवारी दुपारनंतर बाहेर जायचंय. कुठे ते सांगेना. मला वाटतं कुणीतरी पुरुष आहे. मी डोळा ठेवून आहे.

तू मात्र वाकू नकोस. इथे मी उभी आहे, हे ध्यानात असू दे.

आई

ओल्डनबुर्ग, २० नोव्हेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच केलं. संस्थेच्या फ्राउ डिर्क्स घरी आल्या, सगळ्यांना टेबलाशी बसवलं आणि करार मोठ्याने वाचला. हेनिंग खाली बघत होता. विब्के रडली. म्हणाली, "मी हिला कधी परकं मानलंच नाही." ती खोटं बोलत नव्हती, आई. तिला खरंच तसं वाटतं.

आठवड्याची मुदत देऊन मी घर बदललं. निघताना योन्तेने माझा एक बूट लपवला, तो सापडेपर्यंत मीही रडले. आता एका शिक्षिकेकडे आहे. ती कधी मुलगी म्हणत नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी मला काही सांगत नाही.

आता लिहिते ते एकटीने वाच. किंवा नको, मोठ्याने वाच. विब्के ते वाक्य बोलली तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. नुबियाचा मामा तिला परत न्यायला आला होता, तेव्हा तू दारात उभी राहून हेच म्हणालीस, आणि तुझेही डोळे भरले होते. मी तुला आई म्हणते. ती अजून मालकिणीला म्हणावं तसं डोन्या ओलिवा म्हणते. ती पिठाच्या पोत्यांशेजारी झोपते. तिचा सुट्टीचा दिवस कोणता, ते मला आठवत नाही. तुला आठवतो का?

रागावलीस तरी लिही. न लिहिलंस तर मीही वाईटच धरेन.

लिसेत

सालामिना, १५ डिसेंबर

लिसेत,

चार महिने परक्यांचं मीठ खाल्लंस आणि मला शिकवायला लागलीस. नुबियाला विषमज्वर झाला तेव्हा तिच्या उशाशी कोण बसलं होतं? तिच्या पहिल्या कम्युनियनचा झगा कुणी शिवला? तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही.

तरी काय झालं ते ऐक. सात तारखेला रविवार होता, मेणबत्त्यांचा सण. गिऱ्हाईक दारापर्यंत. चीजचे गोल बुन्युएलो तळता तळता नुबियाने कढई उतरवली, हात धुतले, चांगले बूट घातले आणि म्हणाली, संध्याकाळी येते. विचारलं नाही, सांगितलं. मग मीही दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तिच्या मागे गेले. म्हटलं, आज त्या माणसाचं तोंड बघूनच यायचं.

चौकात कारंज्यापाशी बाकावर बसली. बर्फाचा गोळा घेतला. चर्चच्या दाराआड उभं राहून माझे पाय भरून आले. कुणी आलं नाही. पोरं मेणबत्त्या मांडत होती, ती बघत राहिली. बूट काढून पाय गार दगडावर ठेवले. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. एवढंच करायला गेली होती ती. बसायला.

मी आधी घरी आले. कढई, पत्रे, परात, सगळं तसंच पडलेलं. घासलं. हात चुरचुरले. ती आली, घासलेली भांडी पाहिली. कोण भेटलं, मी विचारलं. कुणीच नाही म्हणाली. मग म्हणाली, "डोन्या ओलिवा, मी पुढच्या रविवारीही जाणार आहे." काल गेलीही. मी पाठीमागे गेले नाही.

तू जिंकलीस असं समजू नकोस. मला फक्त एक कळव. तुझी ती शिक्षिका, तू सुट्टीला निघालीस की कुठे जातेस असं विचारते का? की विचारायचं नसतं? आणि हातखर्च तुझ्या हातात देते की टेबलावर ठेवते? मला ती पद्धत ठाऊक नाही, आणि इथे कुणाला विचारायची लाज वाटते.

लवकर लिही. रविवार जवळ येतोय.

आई