दोन माणसांचं काम

३ मार्च, सोमवार

— आणि वर मास्तर मलाच म्हणतो, "वहिनी, तुमची गाडी नुसती उभीच तर असते!" म्हणून काय माझ्या जागेत आपल्या जीपचे दरवाजे आणून टेकवायचे? रिटायर झाला तरी मास्तर तो मास्तरच. वर्कशॉप सगळ्यांचं, कबूल. पण खडूने आखलेली जागा ज्याची त्याची! उचलले दोन्ही दरवाजे नि ठेवले त्याच्या हद्दीत. एकटीने.

४ मार्च

कंबर धरली. गेले नाही.

६ मार्च, गुरुवार

वर्कशॉपचा मॅनेजर म्हणे, "बाई, महिनाअखेर गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर काढा. नाहीतर जागा दुसऱ्याला. नऊ जण थांबलेत."

इंजिन मी बसवलं. क्लच मी. वायरिंग दोनदा जाळलं, तिसऱ्यांदा जमवलं. मोडकी गाडी आणली ह्यांनी, नि बदली झाली तसे गेले. दीड वर्ष झालं! "सुट्टीत येतो, पुरी करू." आता फोनवर फक्त — जेवलीस का, बरी आहेस ना. संपलं.

राहिलेत ते ब्रेक. नळीतली हवा काढायची. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बोल्ट सैल करायचा. एकटीचं काम नाही.

९ मार्च, रविवार

मास्तर म्हणाला, "मी बसतो की पेडलवर." नको म्हटलं. "का हो?" — माझी मर्जी!

खोटं कशाला लिहू. एवढं एकच काम ह्यांच्यासाठी ठेवलंय. आधीच्या गाडीचं असंच करायचो. मी पेडलवर, हे खाली चाकापाशी. "दाब... धर... धर गं... सोड!" किती दिवस झाले, मला कुणी "धर गं" म्हटलेलं नाही.

२२ मार्च, शनिवार

मीच फोन केला. ब्रेक राहिलेत, या म्हटलं. "अगं, मेकॅनिक बोलव ना! तेवढ्यासाठी एवढ्या लांब?"

बरं म्हटलं. ठेवला.

२३ मार्च, रविवार

मास्तरला पेडलवर बसवलं. मी खाली. "दाबा! धरा! — धरा म्हटलं ना, डुलकी लागली का?"

"चाळीस वर्षं मी पोरांवर ओरडलो, वहिनी. आज तुम्ही ते फेडताय."

चारही चाकं झाली. आवारात चालवली, ब्रेक दाबला. जागच्या जागी उभी! मास्तर टाळ्या पिटतोय नि मी नळाशी उगीचच तोंड धुतेय.

२४ मार्च

ह्यांना मेसेज धाडला. चार ओळींना अर्धा तास लागला. —

गाडी झाली. ब्रेक लागतात. तुमच्यासाठी काम काही उरलं नाही. तरी या. येणार की नाही, शनिवारपर्यंत सांगा.