पोलीस पाटलांच्या परसातलं झाड

पिंपळखेडी, ता. शेवगाव
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सौ. भीमाबाई हिस,
रंगनाथचा नमस्कार. मी इकडे ठीक आहे. कर्जतला तू, सविता आणि जावईबापू खुशाल असाल असं धरून चालतो.

आधी 'विषय' आणि 'संदर्भ' असं लिहूनच कागद सुरू केला होता. बावीस वर्षं पोलीस पाटीलकी केली, हाताला दुसरं वळणच नाही. तो कागद फाडला. पण मला लिहायला बसवलंस तूच. चार महिने माझा फोन उचलत नाहीस आणि लेकीकडून निरोप धाडलास, की 'जगाला सगळं लेखी देतात, मला काय सांगायचं तेही लेखी द्या म्हणावं.' म्हणून देतो.

म्हैस व्याली, रेडी झाली. कपाशीची एक वेचणी झाली, दुसरीला माणूस मिळत नाही, टोळ्या ऊसतोडीला निघून गेल्या. मी भाकरी शिकलो. थापताना तिला कोपरे येतात, पण पोटात गेल्यावर कोपरे कोण बघतो. शेजारची कडूबाई रोज विचारते, काकू कधी यायच्या? मी सांगतो, सविताची तब्येत बरी नाही. एकच आजार चार महिने कसा चालेल, म्हणून तिला आतापर्यंत मलेरिया, कावीळ आणि मणक्याचा त्रास झालेला आहे. तिला सांगून ठेव. गावात आली तर थोडी वाकून चालू दे.

तुझी परसबाग उत्तम आहे. हे मुद्दाम लिहितो. तू गेलीस त्याच आठवड्यात मी नाथांच्या देवळात गेलो, धुनीची विभूती हातात घेतली आणि बोललो, की भीमाबाईच्या परसातलं एक पानसुद्धा तिला विचारल्याशिवाय तोडणार नाही. असं का बोललो ते तुला ठाऊक आहे. आषाढातला तो प्रकार. त्यावर पुढे येतोच.

आता मला झाडांतलं काय कळतं तेही तुला ठाऊक आहे. तुळस ओळखतो, कारण ती वृंदावनात असते. बाकी सगळा हिरवा कारभार. म्हणून जे हिरवं दिसलं त्याला पाणी घातलं. भाद्रपदात तो धो धो पाऊस झाला तेव्हा लोक घरातलं धान्य माळ्यावर चढवत होते, आणि मी डोक्यावर पोतं घेऊन तुझ्या झाडांना काठ्या बांधत होतो. कडूबाईला वाटलं, पाटलांचं काहीतरी बिनसलं. तिचं अगदीच चुकलं नव्हतं.

त्यातलं एक झाड मात्र माझ्यावर फारच प्रसन्न झालं. वृंदावनाच्या डाव्या अंगाला, शेवंतीच्या शेजारी. बोटं पसरावीत तशी पानं, कडांना करवतीचे दाते. तू कुठून तरी आणलेलं नवं फूलझाड असेल असं समजलो. त्याला शेणखत दिलं, बांबूचा आधार दिला. दसऱ्याला ते माझ्या डोक्याच्या वर गेलं. वास उग्र होता, पण औषधी झाडाला वास असायचाच, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. त्याच्या शेजारी टोपी घालून उभा राहिलो, फोटो काढून घेतला आणि आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला. तू बघशील असं वाटलं. मग आनंदाच्या भरात तोच फोटो ठाण्याच्या ग्रुपवरही टाकला, खाली लिहिलं, 'एक झाड, एक जबाबदारी.' फौजदार साहेबांनी अंगठा पाठवला. अकरा गावच्या पोलीस पाटलांनी हात जोडले.

तुळशीचं लग्न दरवर्षी गल्लीचं मिळून तुझ्याच वृंदावनापाशी लागतं, तसं यंदाही लागलं. कडूबाईनं सगळं अंगावर घेतलं. मांडवाला ऊस एक कमी पडला, तर तिनं ती बाजू सरळ त्या झाडालाच बांधली, त्याच्यावर दिव्यांची माळ सोडली आणि इतकं केलंच आहे तर म्हणून बुंध्याला हळदकुंकूही लावलं. मी तुळशीचा मामा म्हणून झाडाला पाठ लावून उभा. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. भजनी मंडळातला आसाराम प्रसाद घ्यायला पुढं आला आणि तिथंच थांबला. चुरमुऱ्याचा हात तोंडाशी तसाच.

"पाटील, ह्ये झाड कुनी लावलं?"

"आमच्या घरातून."

"काकूंनी? लई धीराची बाई."

"का रे? काय झालं?"

तो माझ्या कानाशी आला. "पाटील, ह्यो गांजा हाय."

मी म्हणालो, "कशावरून?" सवयच ती, पुरावा मागितला.

"तीस वर्सं वडला मी. दम्यापायी सोडला. घरच्या मानसाला वळखनार न्हाई व्हय?"

मी झाडापासून बाजूला सरकायला गेलो. तेवढ्यात कडूबाई ओरडली, मामा, हलू नका, फोटो काढायचाय. तो फोटोही आता गावभर आहे.

भीमा, तू शाई आणून देतेस तो दाखला तुला आठवत असेल. दर दिवाळीनंतर ठाण्यात द्यायचा असतो. 'मौजे पिंपळखेडीच्या हद्दीत समक्ष फिरून पाहिले, गांजाची लागवड आढळून आली नाही.' खाली सही, शिक्का. असे बावीस दाखले दिले मी. आसारामनं सहज विचारलं, "तुमी गांजा कदी बगितला हुता का?" नव्हता. जे कधी पाहिलंच नाही ते आढळलं नाही असं लिहिताना मला बावीस वर्षांत एकदाही शंका आली नाही. यंदाचा दाखला येत्या शुक्रवारी, चौदा तारखेला न्यायचा आहे. कोरा कागद कपाटावर ठेवलाय, आणि मी जाता-येता त्याच्याकडे बघायचं टाळतो.

बी कुठून आलं तेही उमगलं. ज्येष्ठात तो साधू आला होता बघ. तू त्याला पिठलं-भाकरी वाढलीस, मी त्याचं आधार कार्ड मागितलं. जाताना त्यानं वृंदावनापाशी झोळी झटकली. त्याचं नाव माझ्या नोंदवहीत तारखेनिशी आहे. झोळीत काय होतं ते विचारायचं राहिलं.

तू म्हणशील, मग उपटून टाका की, पत्र कसलं लिहिता. आसारामही तेच म्हणाला. मी त्याला विभूतीचं सांगितलं. तो म्हणाला, "शपत तुमची हाय, माजी न्हाई. मी उपटतो." मी नको म्हणालो. आपण नामानिराळं राहून दुसऱ्याच्या हातून उपटून घ्यायचं, हे मी एकदा केलेलं आहे. तेव्हापासून आसाराम सकाळ-संध्याकाळ राखणीला येतो. झाडाला खेटून बसतो आणि मोठे मोठे श्वास घेतो. दम्याला उतार आहे म्हणतो.

आता आषाढातला प्रकार. मी 'प्रकार' लिहितो आणि पुढे सरकतो, हे माझ्याही ध्यानात आलंय.

तू माहेरी भावाच्या नातवाच्या बारशाला गेली होतीस. साहेब आले तर बसायला पत्र्याची शेड असावी असं माझ्या डोक्यात होतं आणि तुझी जाई मध्ये येत होती. रस्त्याच्या कामावर जेसीबी आला होता, त्याला दहा मिनिटं आत वळवलं. एका वेलाला जेसीबी लावला मी. ती जाई लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तू माहेराहून एसटीत मांडीवर घेऊन आली होतीस. एकतीस वर्षांची होती. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

तू आलीस, खड्डा पाहिलास. धार काढलीस, भाकरी केल्यास, मला वाढलंस. सकाळी पिशवी घेऊन सातच्या गाडीनं निघून गेलीस. भांडली असतीस तर माझ्याकडे उत्तरं तयार होती, रात्रभर जुळवली होती. ती तशीच राहिली. आता आठवून बघतो तर त्यातलं एकही धड नाही. त्या शेडमध्ये चार महिन्यांत एकही साहेब बसलेला नाही. मीच बसतो. दुपारी पत्रा असा तापतो की बसवत नाही, तरी बसतो.

माझं चुकलं, भीमा. मला करमत नाही. दिवाळीत एक पणती लावली, तीही तू कुठं ठेवतेस ते न कळून भलत्याच कोनाड्यात ठेवली.

तर विचारायचं ते असं. ते झाड उपटू का? हो म्हणालीस तर दोन पंच बोलावतो, उपटतो, साहेबांच्या समक्ष नष्ट करतो, आणि ते कुणाच्या परसात निघालं तेही खरं लिहून देतो. पाटीलकी गेली तर जाईल. नाही म्हणालीस, किंवा उत्तरच आलं नाही, तर मी पाणी घालत राहीन आणि शुक्रवारी कोरा कागद घेऊन ठाण्यात उभा राहीन. शपथ मोडणार नाही. तुझ्या परसात न विचारता हात घालायचा नाही म्हणजे नाही.

हे पत्र गोरक्षच्या हाती देतोय. त्याचा कांद्याचा टेम्पो कर्जतला येतोय. उत्तर घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस, असं त्याला बजावलंय.

खाली सही केली आहे. शिक्का मारलेला नाही.

तुझा,
रंगनाथ


कर्जत
मंगळवार, ११ नोव्हेंबर

अहो,

नमस्कार. पत्र पोचलं. गोरक्ष कालपासून ओट्यावर बसून आहे, दोन वेळा जेवला, उत्तराशिवाय हलत नाही. मलेरियाचं वाचून सविता इतकी हसली की तिचा मणका आता खरंच धरला.

झाड उपटा. हातानं उपटा, यंत्र बोलावू नका. शेजारच्या शेवंतीला धक्का लागता कामा नये, तिचे आता फुलायचे दिवस आहेत.

एक मलाही सांगायचं आहे, ते लेखीच बरं. ते झाड मी चार पानांचं होतं तेव्हाच ओळखलं होतं. माझं माहेर नाथांच्या वाटेवरचं, साधूंना पाणी देता देता मोठी झाले मी. बारशाहून आल्यावर उपटायचं ठरवलं होतं. आले तर हा खड्डा. सकाळी पिशवी उचलली तेव्हा ते समोरच दिसलं. म्हटलं, ह्यांना उपटायची एवढी हौस, तर नेमकं हेच कसं उपटलं नाही? राहू दे. बावीस दाखले दिलेत, बघू ओळखतात का. रागात केलं. पण तुम्ही चार महिने त्याला पाणी घालत बसाल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तुमचा फोटो सविताच्या मोबाईलवर पाहिला. झाड चांगलं पोसलंय. तुम्हीच वाळलात. त्या दिवशी फोन लावायला घेतला होता, मग ठेवला.

तेव्हा साहेबांना लिहून द्याल त्यात माझंही नाव घाला. बी साधूचं, पाणी पाटलांचं, आणि घरच्या बाईला माहीत असून ती बोलली नाही. अर्धी चूक माझी आहे, ती सगळी तुमच्या नावावर नको. पाटीलकी राहिली तर बरं, गेली तर म्हशीला रेडी झालीय, काम काही कमी नाही.

दाखल्यावर एवढ्यात सही करू नका. मी आल्यावर आपण दोघं खरोखर हद्दीतून फिरू. तुम्ही नोंदवही धरा, ओळखायचं माझ्याकडे. आसारामला सांगा, राखण पुरे झाली.

शेड पाडायचं मनात आणलं असेल तर पाडू नका. वेलाला मांडव लागतोच. साहेब आले तर बसतील त्याच्या खाली, डोक्यावर फुलं पडली तर त्यांचं काही जात नाही. त्या सकाळी माझ्या पिशवीत कपडे नव्हते. तुम्ही ढिगावर टाकलेल्या जाईच्या फांद्या होत्या. सविताच्या अंगणात तेलाच्या डब्यांत चार लावल्या, दोन जगल्या.

ज्वारी दळून आणा. भाकरी तुम्हीच करा, कोपरे असले तरी चालतील.

गुरुवारी दुपारच्या गाडीनं निघते. दोन्ही डबे मांडीवर असतील, उतरताना हात धरायला स्टँडवर या.

भीमाबाई