रिकामे खण

दि. ३ जून
ती. दादास, सा. न. वि. वि.
गॅरेजसाठी आमच्या कारखान्यातून पाठवलेलं अवजारांचं कपाट पोचलं का? पत्रा जाड आहे, वेल्डिंगवरून मी स्वतः बोट फिरवलंय. मात्र दोन खण एकदम उघडू नका आणि जड अवजारं खालीच ठेवा. वहिनींनाही बजावा. लगेच कळवा, जिवाला चैन नाही.
तुमच्या मायेतला,
धाकटा

दि. ८ जून
चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.
कपाट झकास! खण बोटाच्या धक्क्यानं सरकतात. आतला 'तपासले' हा तुझा शिक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. वाकलं की कंबर धरते, म्हणून जड पाने वरच्याच खणांत भरलेत. लहानपणी लावलेली कडी तू तीनदा ओढून बघायचास. तुझी वहिनी म्हणते, भाऊजींची खोड काही गेली नाही.
माया आहेच, काळजी तेवढी कमी कर.
दादा

दि. १२ जून
ती. दादास, सा. न. वि. वि.
पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. आधी वरचे खण रिकामे करा, मग पुढचं वाचा.
एक खण उघडला की बाकीचे आतल्या पट्टीनं अडकायला हवेत. हे खणांत वजन भरून तपासायचं असतं. तुमचं कपाट तपासलं त्या दिवशी माल न्यायला गाडी दारात खोळंबली होती. मी रिकामेच खण ओढले, ते अडकले, शिक्का मारला. काल शिल्लक कपाटात वजन भरून पाहिलं. पट्टी वाकली, सगळे खण बाहेर आले आणि कपाट पुढे कललं. तशी चाळीस गेली आहेत. सकाळी देवापुढे हात जोडले की शिक्काच दिसतो. साहेबांना सांगितलं तर नोकरी जाईल. काय करू?
रागावा, पण दूर लोटू नका.
धाकटा

दि. १७ जून
चि. धाकट्यास, आशीर्वाद.
ऐकेन तर मी कसला! समोर जुने टायर रचले आणि दोन खण ओढले. कपाट आलंच, टायरांवर अडलं म्हणून वाचलो. तुझी वहिनी तेव्हापासून बोलत नाही. तुझ्याशी नव्हे, माझ्याशी. आता ते भिंतीला बोल्टनं आवळलंय.
मला भाऊ आहे म्हणून पत्र आलं. उरलेल्या एकोणचाळीस जणांना कोण लिहिणार?
नोकरी गेलीच तर इथे ये. माझी कंबर तशीही वाकत नाही.
दादा

दि. २३ जून
ती. दादास, सा. न. वि. वि.
साहेबांना सांगितलं. शिक्का त्यांनी काढून घेतला आणि गिऱ्हाइकांची यादी हातात दिली. नोकरीचं महिनाअखेरीस कळेल. वहिनींचा अबोला सुटला का?
आज पत्रं लिहायला बसलोय. पहिल्याच पत्रावर सवयीनं 'ती. दादास' लिहून गेलो. खोडलं नाही.
लोभ राहू द्या.
धाकटा