दुकानदाराचे दोन गुबगुबीत जुळे

मंगळवार, १४ ऑगस्ट २००१, आष्टी

रात्रभर डोळा लागला नाई. माही सोनी दूधच ओढत नाई, नुसती कण्हून राह्यली.

काल अंगनवाडीत पोट्ट्याइचं वजन केलं. बाईनं सगळ्याइची बेरीज केली, भागाकार केला, अन् म्हने, "सरासरी मस्त हाय, घाबरू नको."

सासू लगेच, "आयकलं का वं? बाई शिकलेली हाय, तुह्यावानी चवथी पास नाई."

अवं पन त्याच्यात किराना दुकानदाराचे दोन गुबगुबीत जुळे हायेत. त्याइनंच सरासरी फुगवली. मी मनात सगळे पोट्टे वजनानं रांगेत उभे केले. मधातलं पोट्टं बी त्या सरासरीले पुरत नाई. सोनी तर पार शेवटी. सासू म्हनते, इथले बहुतेक पोट्टे रोडकेच असतात. बहुतेक असले म्हनून चांगले झाले का? जुळ्याइचं वजन माह्या पोरीच्या अंगाले कसं लागन? काऊन कोनाले समजत नाई?

सोनीले घेऊन पहिल्या बसनं वर्ध्याच्या दवाखान्यात चालली. घरी सांगितलं नाई, सांगितलं तर जाऊ देनार नाई. जो कोनी हे वाचशीन, तू सिंदी मेघेले माह्या भावाले फोन करजो. त्याले म्हनजो, सरासरी कोनाले विचारू नको, सोनीले पाह्यले ये.