कॅमेऱ्याकडे तोंड करून

आई, भाषणं देऊन देऊन सवयच लागली आहे, म्हणून तुझ्याआधी मांडवातल्या मावश्या, आत्या, काकवांना हाक मारते. बायांनो, तुमची आणि माझी तक्रार एकच आहे: लग्नात आता कोणी कोणाकडे तोंड करून नाचत नाही.

ताईच्या मुलीची उद्या हळद. आज अकोल्याच्या हॉलवर नाचाची तालीम होती. शिकवणाऱ्या पोरीने ताईला पहिल्या रांगेत उभं केलं, मला दुसऱ्या. तुझं परतवाड्याचं वावर विकायचं की ठेवायचं, यावर तू गेल्यानंतर आम्ही दोघी बोललो होतो. तिचे मुद्दे बिनतोड, माझेही बिनतोड. तेव्हापासून बोलणं बंद आहे. अमरावतीहून अकोला ते काय अंतर, पण लग्नाचं बोलावणं भाचीने केलं, आणि आज मला पाहून ताईने नुसती मान हलवली. माझ्या बोलण्यावर मोर्चे निघतात, आई, अन् सख्ख्या बहिणीपुढे मला एक वाक्य सापडत नाही.

म्हणून मला ताईचीच हळद आठवते. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तुझं मोठ्या आईशी, म्हणजे तुझ्या थोरल्या जावेशी, वाकडं आलेलं. दोघींचा भाजीपाला एकाच विहिरीवर, आणि दोघी एकमेकींना पाहिलं की पदर सावरून वाट बदलता. त्या दिवशी बाया फुगड्या घालून राहिल्या आहेत. तू उठतेस, भरल्या मांडवात तिच्यासमोर जाऊन उभी राहतेस आणि हातांची फुली करून दोन्ही हात पुढे धरतेस. ती म्हणते, "पाडशीन मले." तू हात मागे घेत नाहीस. मग तिचे हळदीने पिवळे झालेले हात तुझ्या हातात येतात, पायाला पाय लागतात, दोघी मागे झुकता, आणि एकीने सोडलं तर दोघी आपटणार अशा वेगाने गरगर फिरता. हळद लागलेली ताई पाटावरून बघते आहे, मी तिला टेकून. दुसऱ्या दिवशी मोठ्या आईने पाणी आधी तुझ्या वांग्यांकडे वळवलं. तू तिच्याशी बोलली काहून नाहीस, असं मी विचारलं. "बोलाले गेली असती त भांडूनच आली असती," तू म्हणालीस आणि भाकर थापत राहिलीस.

शरीराच्या भाषेवर मी पुढे पुष्कळ वाचलं, त्यावर व्यासपीठावरून टाळ्याही घेतल्या. आज गाणं चालू असताना रांग मोडून मी ताईपुढे गेले आणि तशीच फुली केली. तिला कळलं, आई. तिचा एक हात उचललाही गेला होता. तेवढ्यात त्या पोरीने मला खांद्याला धरून फिरवलं. "मावशी, समोर पाहा नं, कॅमेरा तिकडे आहे." गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं. पोरीवर मी काय चिडू, तिला तेच शिकवलंय. चीड येते ती याची, की मी मुकाट वळले आणि समोर पाहून हसले.

हे सगळं खरं तर ताईला लिहायचं होतं. तू उलटून उत्तर देत नाहीस, म्हणून तुझ्या नावाने लिहिलं. ते माझ्या पर्समध्येच राहील. पण बायांनो, यातलं एवढं एक वाक्य तुम्हाला मोठ्याने सांगते: उद्या गाणं लागलं की कॅमेऱ्याकडे पाठ करा.