एक जूनचा दाखला

महाड,
शुक्रवार

प्रिय सुनील,

प्रिय लिहिताना हात आखडतोय, पण आईने आपल्याला एका ताटात जेवू घातलंय म्हणून लिहिलं. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि मूग गिळून बसतोस. म्हणून हे पत्र आमच्या शेजारच्या भिकूच्या हाती देतोय. तो आज पोलादपूरला उतरेल आणि थेट तुझ्या दुकानावर येईल. गिऱ्हाईक असलं तर असू दे, आधी हे वाच. तुझ्या पोरीचा खेळ बंद पडायची वेळ आलीय आणि ती तू आणलीस.

अरे, दिशा बारा ऑक्टोबर दोन हजार दहाची. मला कॅलेंडर बघावं लागत नाही. त्या दिवशी मुंबईत आमचा तिसऱ्या डिव्हिजनचा फुटबॉल सामना होता. विसाव्या मिनिटाला मी मधल्या फळीत चेंडू अडवायला वळलो आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी तुटलं. हॉस्पिटलात पडलो होतो तेव्हा तुझा फोन आला, दादा, मुलगी झाली म्हणून. मी रडलो. तुला वाटलं आनंदाने रडतोय, आणि मीही तसंच वाटू दिलं. नऊ सीझन मुंबईत गावकीच्या खोलीत पंधरा माणसांत झोपून जे खेळलो ते त्या दुपारी संपलं, आणि त्याच दुपारी ती आली. तो दिवस मी विसरेन होय?

आणि तू काय केलंस? कुठल्यातरी एजंटाकडून दाखला करून आणलास, एक जून दोन हजार बारा! चौदा वर्षांखालच्या जिल्हा संघात पोरगी बसावी म्हणून. वर तारीख कोणती, तर एक जून! तेवढीही अक्कल चालवली नाहीस. आपल्या शाळेत अर्धी पोरं एक जूनची होती, कारण आयांना तारखा ठाऊक नव्हत्या आणि शाळा सुरू व्हायच्या आत गुरुजींना वय भरायचं होतं. त्यांचं समजू शकतो. तुझी पोर महाडच्या दवाखान्यात जन्मली, नर्सने वेळसुद्धा लिहून दिली होती. तुला कशाला हवेत गुरुजी?

तू म्हणशील, दादाचं तरी काय वेगळं होतं. गणपतीत तू हे सगळ्यांसमोर हसत हसत बोललास. तेव्हा मी उठून मागीलदारी गेलो. आज ऐक. सोळा वर्षांखालच्या संघात माझी निवड झाली तेव्हा मी खरा अठराचा होतो. आई शेजारणीला कौतुकाने सांगत होती, ह्यो भातकापणीत झाला, गिरणी बंद पडली त्याच सालात. बाबांनी तिला तिथल्या तिथे गप्प केलं. मी उंबऱ्यात बसून बूट पुसत होतो. सगळं ऐकलं आणि बूट पुसत राहिलो.

मग काय, चमकलोच मी! दोन वर्षांनी लहान पोरांना खांदा मारून चेंडू काढायला काय लागतं? पेपरात नाव आलं, गावकीने शाल-नारळ देऊन सत्कार केला. त्या संघातून शेवटी कोणाला काढलं माहीत आहे? नाते गावच्या सुशांतला. तो खरोखर पंधराचा होता. आता हिरकणीवाडीला गडाच्या रोपवेपाशी सरबताची गाडी लावतो, आणि मी दिसलो की लांबून कोचसाहेब म्हणून हाक मारतो. त्या हाकेने माझं तोंड कडू होतं. पुढे मोठ्यांत आलो तेव्हा सगळे माझ्याच अंगापिंडाचे निघाले. मग कळलं की मी बरा होतो, बस्स, बरा. किती बरा ते मला आजही माहीत नाही. तू हेच विष पोरीच्या ताटात वाढलंस.

आणि तिला गरज काय होती रे त्याची? मी सहायक कोच आहे, म्हणजे चेंडूत हवा भरणारा, शंकू मांडणारा, पाणी देणारा. पण खेळ मला दिसतो. पास यायच्या आधीच ती मान वळवून मागे कोण आहे ते बघते. हे मी तिला शिकवलेलं नाही. नऊ वर्षांत मला ते कधी जमलं नाही. दोन वर्षं थांबली असती तर मोठ्या संघात स्वतःच्या पायांवर गेली असती. पण तुला दुकानावर बॅनर लावायची घाई!

आता माझं ऐक, कारण राग फक्त तुझ्यावर नाही. खेळाडूंचे कागद तपासायचं काम माझं. तो दाखला श्रावणात माझ्या हातात आला. तारीख वाचली. पेन उचललं आणि सही केली. भावाची पोर, म्हटलं जाऊ दे. शेण मीही खाल्लंय.

तुला वाटत असेल आम्हाला कोणी पकडलं. कोणी नाही. काल सराव संपल्यावर दिशा स्वतः आमच्या मुख्य कोच पूजा मॅडमकडे गेली आणि म्हणाली, माझी तारीख खोटी आहे. मॅडमनी विचारलं, दाखला कोणी केला? तर म्हणाली, मीच, सायबर कॅफेत बसून. तुझं नाव नाही, माझं नाही. मी दहा पावलांवर जाळी गुंडाळत होतो. सोमवारी सकाळी दहाला इथे मैदानाच्या ऑफिसात कमिटी बसेल. खेळाडूनेच खोटं केलं असं ठरलं तर दोन वर्षं बंदी. मोठ्यांनी केलं असं निघालं तर फक्त या वर्षी संघाबाहेर. माझ्या सहीचं मी सांगणार आहे, नोकरी जाईल ती जाऊ दे. पण दाखला कोणी आणला ते तिच्या बापाने सांगायला हवं, मी सांगितलं तर ती मलाच खोटं पाडेल, एवढी हट्टी आहे. काल आमच्याकडेच राहिली. तुझ्या वहिनीने वाढलेलं तसंच ठेवलं. मी विचारलं, सगळं स्वतःवर का घेतलंस गो? तर म्हणाली, काका, पप्पांना सगळं पोलादपूर ओळखतं. मला अजून कोण ओळखतंय?

सोमवारी दहाला ये.

तुझाच, अजून तरी,
मुरारीदादा