व्हय म्हाराजा

दसरा, १९८६

उडालं एकदाचं! थोरल्या दिरांचं विमान. नाव काय, तर 'सिंधुतारा एअर'. परवापर्यंत दहिसर नाक्यावरून मालवणला लक्झरी बस सोडणारे भाऊ आज विमान कंपनीचे मालक! नऊ माणसांचं विमान, तेही कोणीतरी वापरून टाकलेलं. सीटला रेक्झिन बसमधलंच. जुहूहून रत्नागिरी, म्हणे तासाभरात! रत्नागिरी माझं माहेर. मला नाही आजवर एवढी घाई झाली. एसटी काय वाईट आहे?

उडायच्या आधी चाकापुढे नारळ ठेवून भाऊंनी गाऱ्हाणं घातलं. अंगात सफारी आणि तोंडात मालवणी. "बा देवा म्हाराजा, ह्यां इमान सुखरूप ने, सुखरूप हाड रे म्हाराजा!" मागून सगळे — "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज आमच्या ह्यांचा. सांताक्रूझ विमानतळावरची सरकारी नोकरी, पेन्शन, सगळ्यावर पाणी सोडून भावाकडे इंजिनिअर म्हणून धावले. का? तर भाऊ म्हणाले! जन्मात भावापुढे दुसरं काही बोललेत का हे? आजपासून ह्या वहीत ह्यांचं नाव तेच. व्हय म्हाराजा.

७ डिसेंबर

पेपरात फोटो. भाऊ मधोमध, गळ्यात हार. व्हय म्हाराजा कडेला, अर्धे कापलेले.

१९ डिसेंबर

विमान रोज भरून जातं, मान्य. अंधेरीत पिठाच्या गिरणीच्या वर ऑफिस, तिथे तिकिटासाठी जिन्यापर्यंत माणसं. पण चालवतात कसं? बससारखं! एखादी सीट रिकामी असली की भाऊ फाटकाशी उभे — "येतायत, रिक्षात आहेत, पाच मिनिटं!" आत बसलेले घामाघूम. एका बाईने विचारलं, चिपळूणला उतरवाल का? भाऊ म्हणाले, "बघू." बघू!

आणि आता दुसरं विमान घ्यायचंय. नसती थेरं.

२ मार्च १९८७

दुसरं विमान आलं. धड चार दिवस उडालं नाही, तोच त्याचे भाग काढून पहिल्याला बसवायला सुरुवात. दोन विमानं म्हणजे एक विमान आणि एक भंगार. बरा वैमानिक होता, तोही सोडून गेला. ह्यांचे हात जेवतानासुद्धा काळे.

मी म्हटलं, रोज सकाळी विमान तपासून सही तुम्ही करता. तुमच्या सहीशिवाय वैमानिक इंजिन चालू करत नाही. मग सांगा ना भाऊंना! "सांगतो," म्हणाले. सांगितलं कप्पाळ! सीटचा पट्टा तुटला. भाऊ म्हणाले, दोरी बांध धाकल्या. बांधली. केली सही.

२१ एप्रिल

आंबे सुरू. विमानात माणसं कमी, पेट्या जास्त. कोकणातून रिकाम्या हाती यायचं नाही, हे आता आकाशातही!

उजव्या इंजिनातून तेल झिरपतंय — हे व्हय म्हाराजांनी सांगितलं कोणाला? मला! भिंतीकडे बघत. भाऊंना का नाही सांगत? "हंगाम आहे गं." माणूस आहे की पायपुसणं! शेजारच्या सुलक्षणाचा नवरा साधा कारकून, पण परवा साहेबाच्या टेबलावर फाइल आपटून आला. मी सरळ म्हटलं, "एकदा, फक्त एकदा नाही म्हणून दाखवा. पुन्हा जन्मात काही मागणार नाही."

खाली मान घालून भात कालवत बसले. किळस आली.

९ मे

तार आली. माझ्या भावाची, काशीरामची. आई गंभीर, लगेच ये.

१० मे, एसटीत

अक्षर हलतंय. हलू दे.

सकाळी भाऊंनी माझ्यासाठी एका व्यापाऱ्याला खाली उतरवलं, त्याच्या रिकाम्या पेट्यांसकट. "वनमाला, पुढची सीट तुझी." भाऊ असं वागतील वाटलं नव्हतं. गाऱ्हाण्यात म्हणाले, "लेकीक आवशीच्या भेटीक पोचव रे म्हाराजा!" मीही ओरडले, व्हय म्हाराजा! अजिबात लाज वाटली नाही.

एक आवाज कमी होता. हे इंजिनाखाली होते. बाहेर आले, हात तेलाने माखलेले. म्हणाले, "नाही. हे आज उडणार नाही."

भाऊ आधी हसलेच. मग कडाडले, "धाकल्या, तिची आवस मराक टेकली हा! काल उडालां मा? कर सही!"

"नाही."

मी सगळ्यांदेखत पाया पडले ह्यांच्या. आजचा दिवस, माझ्यासाठी! ह्यांनी मला धरून उठवलं. पण मलाही तेच. "नाही. चल, एसटी पकडू."

शेजारी बसलेत. घाट लागला की माझ्या पाठीमागे हात धरतात. मी पुढे सरकून बसते.

१३ मे, रत्नागिरी

आम्ही पोचलो तेव्हा आई गेलेली होती. दुपारीच. डोळे दाराकडे होते म्हणे.

आज काशीरामकडून कळलं. भाऊंनी बाहेरचा कोणी आणून सही घेतली, आणि विमान काल इथे उतरलं. सुखरूप. मी ह्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. मग म्हणाले, "पण मी आजही सही केली नसती."

हे मी ह्यांना माफ करणार नाही. कधीच नाही. पण मागची पानं काढली आणि ते नाव जिथे जिथे होतं, तिथे तिथे खोडलं.

ह्यांचं नाव अनंत.